हे काढलं तर काय बिघडतं?

दहावी-बारावीच्या कुठल्याही मुलाला कवितेचं रसग्रहण करायला सांगा. 'भाषा साधी, सोपी, ओघवती असून यमकामुळे कवितेला नाद प्राप्त झाला आहे' हे वाक्य तो न अडखळता लिहील. कविता कुठली, हे सांगायचीही गरज नाही. माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना मी हे वाक्य गठ्ठ्यांनी वाचलं आहे. गाईडमधून ते वहीत येतं, वहीतून उत्तरपत्रिकेत जातं आणि त्याला गुणही पडतात.

अलंकार ओळखता येऊ नये, असं मी म्हणत नाही. ती पहिली पायरी आहे. अडचण अशी की आपण तिथंच मुक्काम ठोकला आहे. उपमा, अनुप्रास, पुनरुक्ती सापडली की पुढचा प्रश्न विचारायला हवा: हे इथून काढून टाकलं तर काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर तो अलंकार नुसता लटकवलेला आहे. बिघडत असेल तर नेमकं काय, ते सांगता आलं पाहिजे. याला गाईड चालत नाही, कारण उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं येतं.

चिऊकाऊची गोष्ट घ्या. शेणाचं घर पावसात वाहून जातं, कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो, आणि चिमणी आतून सांगत राहते की थांब, बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, अंगडं-टोपडं घालतेय, तीट लावतेय. आता पुनरुक्ती काढा. 'चिमणीने बराच वेळ दार उघडले नाही.' गोष्ट ओळीत संपली, तात्पर्यही शाबूत राहिलं. गेलं काय? बाहेरचा पाऊस गेला. दर 'थांब'बरोबर कावळा आणखी भिजतो, आणि ऐकणारं पोर त्याच्याबरोबर भिजतं. पाचवीच्या वर्गात ही गोष्ट मी मुद्दाम सांगायचे. मुलं आधी 'आता शेणाचं घर बांधशील का?' म्हणून कावळ्याला हसायची. तीट लावण्यापर्यंत येता येता हसू विरायचं. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ती मुद्दाम करतेय." आळशी कावळा आणि शहाणी चिमणी हे तात्पर्य त्या पोरानं एका वाक्यात उलटंपालटं केलं. पुनरुक्ती नसती तर त्याला हा संशय आलाच नसता. गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा असतो, ठोठावणं मात्र कुणी गाळत नाही. आज्यांना कुठला भाग बिनकामाचा आणि कुठला नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

बहिणाबाई चौधरींनी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळकरी मुलांनी ती वाचलेली असते. उत्तर: उपमा. गुण: एक. आता तवा काढून पाहा. उरतं ते 'दुःखानंतर सुख' हे दिनदर्शिकेच्या पानावर छापण्याजोगं वाक्य. तव्यात क्रम आहे. हाताला चटका बसतो तो आधी, भाकरी मिळते ती नंतर, आणि चटका टाळून भाकरी मिळवायची सोय नाही. शिवाय ही भाकरी रोजची आहे, म्हणजे चटकाही रोजचाच. हे सगळं न सांगता त्या एका तव्यात येतं. ती शोधून आणलेली उपमाही नव्हे. खानदेशातली लिहिता-वाचता न येणारी ही बाई ज्या चुलीपुढे बसायची, तिथूनच ती उचललेली आहे. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि अत्र्यांनी १९५२ मध्ये ती पुस्तकरूपात आणली.

हेच अत्रे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून अतिशयोक्तीचा पाऊस पाडत. गेल्या दहा हजार वर्षांत असं घडलं नाही, हा त्यांचा हिशेब ठरलेला. ती अतिशयोक्ती काढली तर अत्र्यांची सभा उरत नाही. ती फसवणूक नव्हती, कारण आकडा खोटा आहे हे वक्त्यालाही ठाऊक होतं आणि मैदानातल्या शेवटच्या माणसालाही. दोघांनी मिळून खेळलेला तो खेळ होता. आजच्या प्रचारसभेतल्या अतिशयोक्तीवर कुणी हसत नाही, ती खरी मानून घरी नेली जाते. अलंकार तोच, पण त्याचं काम बदललं आहे. हा फरक ओळखायला नुसतं नाव पाठ असून भागत नाही.

निवृत्तीनंतर मला वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात. 'सन्माननीय व्यासपीठ', मग एक शेर, मग एक चारोळी, मध्ये आवाज चढवून प्रश्नांची माळ, शेवटी पुन्हा शेर. गुणपत्रकात भाषाशैलीचा रकाना असतो, आणि तो या शेरांनीच भरतो. विषय 'पाणी वाचवा' असो की 'मोबाइल शाप की वरदान', शेर बदलत नाही. पोरांचा यात दोष नाही. आम्ही ज्याला गुण देतो ते ती करतात.

या मुलांना मी एक भाषण वाचायला सांगते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत इंग्रजीत बोलले, ते. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतो आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असं त्यांनी तिथं सांगितलं. हुशार विद्यार्थी लगेच म्हणतो, विरोधाभास! पण पाठ्यपुस्तकातल्या विरोधाभासात विरोध नुसता भासतो, प्रत्यक्षात नसतो. इथे तो शंभर टक्के खरा आहे, आणि भाषणाचा सगळा जोर त्या खरेपणावरच आहे. दोन बाजू शेजारी न ठेवता 'देशात विषमता आहे' एवढंच म्हटलं असतं तर सभागृहानं माना डोलावल्या असत्या. तारखेसकट ती जोडी मांडल्यामुळे, दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारणारा प्रत्येक सभासद त्या विसंगतीचा भागीदार झाला. यातली तारीख गाळून वाचून पाहा, अर्धी धार जाते. तारखेला अलंकारांच्या यादीत जागा नाही.

शांततेलाही नाही. १९७५ च्या डिसेंबरमध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायणांना आराम पडावा, म्हणून दुर्गाबाईंनी सगळ्या सभेला उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. सभा उभी राहिली. निषेधाचे चार परिच्छेद त्यांना वाचता आले असते, पण ते ऐकायला श्रोता बसून राहिला असता. इथे प्रत्येकाला उठायचं की नाही हे स्वतः ठरवावं लागलं. लोकसाहित्याचा एवढा अभ्यास केलेल्या बाईंना श्रोत्याला गोष्टीत कसं ओढायचं ते कळत होतं, असं मला वाटतं. त्याला पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. 'अलंकार ओळखा'चा एक गुण राहू द्या. त्याच्याखाली आणखी दोन गुणांचा प्रश्न घाला: तो काढून ओळ पुन्हा लिहा आणि काय गेलं ते सांगा. तपासणाऱ्याला आदर्श उत्तर देता येणार नाही, दर उत्तर वाचावं लागेल, वेळ जास्त जाईल, गुणांवरून वाद होतील. होऊ द्यात. तोवर शाळेची वाट बघू नका. आज रात्री घरी गोष्ट सांगाल तेव्हा एक ठोठावणं मुद्दाम गाळा. पोर तुम्हाला लगेच अडवेल. त्याला 'का' एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.