आहारतज्ज्ञ घडतो कुठे? वर्गात की वॉर्डात?

पोषण व आहारशास्त्राची पदवी घरबसल्या मिळविण्याचा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बंद केला. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र आदी अभ्यासक्रम दूरशिक्षण वा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असा आदेश आयोगाने दिला. त्यामागे २०२१चा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा केंद्रीय कायदा आहे. या कायद्याच्या परिशिष्टात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञांचा समावेश असून, आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण बंधनकारक आहे. कायदा झाला, पण अंमलबजावणी रखडली. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

तासांची बेरीज जुळविणे फारसे अवघड नाही. त्या तासांअखेर विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे, याचे उत्तर मात्र सोपे नाही.

महाराष्ट्रात हा विषय गृहविज्ञानाच्या अंगणात वाढला. जुहू येथील सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय, निर्मला निकेतन यांसारख्या मुंबईतील संस्थांनी तो रुजविला. अन्नघटक, पाकक्रिया, कुटुंबाचे पोषण हा त्या शिक्षणाचा पाया होता आणि त्याचे मोल आजही कमी नाही. भाकरी कशी होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने रुग्णाला भाकरी सांगू नये, हे खरेच. परंतु गृहविज्ञानासमोर असते ते बहुधा निरोगी कुटुंब; रुग्णालयातील आहारतज्ज्ञासमोर असते ते बिघडलेले शरीर. पदवीच्या उद्दिष्टांत मानवी जीवशास्त्राला मानाचे पान मिळायला हवे ते यासाठी.

शहाळ्याचे पाणी घ्या. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीतच आहे. मात्र मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात त्यातील पोटॅशियम साचून राहू शकते आणि हृदयाची लय बिघडू शकते. दीर्घ उपासमार झालेल्या रुग्णाला एकदम भरपेट आहार दिला, तर इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि जीवावर बेतू शकते. तेथे अन्नाची सुरुवात अल्प प्रमाणात, रक्ततपासण्यांवर नजर ठेवूनच करावी लागते. या दोन्ही प्रसंगी उष्मांकांचा तक्ता तोंडपाठ असून भागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे घटक दिलेले आहेत. ते केव्हाही उघडून पाहता येतात. समोरच्या शरीरात त्या घटकांचे पुढे काय होणार, हे तक्ता सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन या बाबतीत डोळे उघडणारे आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हेच चित्र दिसले: सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे साऊथॅम्प्टनच्या बालकांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने कमी, पण चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून. वजनकाट्यावर विसंबून सल्ला देणारा पदवीधर मराठी मुलखातील मधुमेहाचा धोका ओळखणार कसा?

येथे कुपोषणाची दोन्ही टोके एकाच वेळी दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुरटलेली, ५४.२ टक्के महिला रक्तक्षयाने ग्रस्त, तर २३.४ टक्के महिला स्थूल वा जादा वजनाच्या आढळल्या. अशा राज्यात रक्तक्षयाच्या रुग्णाला पालेभाजी खा एवढेच सांगणे पुरेसे नाही. जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण घटवितो आणि लिंबू ते वाढविते, यामागील आतड्यातील प्रक्रिया पदवीधराला समजली असेल, तरच त्याला त्या रुग्णाच्या ताटापुरता आणि खिशापुरता बदल सुचविता येईल.

हे सारे वर्गात शिकवून होते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. शरीरक्रियाशास्त्राचे तत्त्व फळ्यावर समजते; रक्ताचा अहवाल, औषधांची यादी आणि जेवण नाकारणारा रुग्ण यांची सांगड वॉर्डातच घालावी लागते. गृहविज्ञान महाविद्यालये सामान्यतः रुग्णालयांशी जोडलेली नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात उभे राहण्याची परवानगी इतर संस्थांच्या मर्जीवर मिळते. मोठ्या शहरांत हे कसेबसे जमते. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र शासकीय रुग्णालयांनीच दारे उघडायला हवीत. त्यासाठी उच्च शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य या दोन खात्यांना एकत्र बसून विद्यार्थी कोणाच्या देखरेखीखाली काम करणार, किती खाटांमागे किती जण आणि त्यांच्या नोंदी कोण तपासणार, हे ठरवावे लागेल.