इंजिन कुठं बसवायचं ते शाफ्टला विचारा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण एका वाक्याशी आहे: "इंजिन काय, जागा उरेल तिथं बसवा, शाफ्ट घेतो जुळवून." हे वाक्य मी वरवट बकालच्या वेल्डिंगच्या दुकानात ऐकलंय आणि इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडूनही ऐकलंय. शाफ्ट काही जुळवून घेत नाही. तो सोसतो, आणि एक दिवस तुटतो.

"मास्तर, तुम्ही मराठी माध्यमातले बी.ए., तुम्हाला यातलं काय कळतं?" असं आमचे एक व्याही म्हणतीलच. म्हणू देत. शाळेत गणिताचा शिक्षक नसला की आठवी-नववीची भूमिती माझ्याच गळ्यात पडायची, आणि हे सगळं प्रकरण भूमितीचंच आहे.

झालं असं. 'बाहा' म्हणून एक स्पर्धा आहे, २००७ साली पिथमपूरला सुरू झालेली. कॉलेजची पोरं त्यासाठी पाइपची सांगाडागाडी स्वतः बांधतात. चालकाच्या पाठीमागे इंजिन. नातवाच्या चमूनं आधी सांगाडा केला, मग सीट, मग सस्पेन्शन. इंजिन आणि गिअरबॉक्स शेवटी, उरलेल्या जागेत! म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे आणि वर. चाचणीत खड्ड्यावरून उडताना हाफ शाफ्टचा जॉइंट फुटला. तुटका शाफ्ट गरगरत होता आणि चालवणारा पोरगा त्याच्यापासून हातभर अंतरावर. थोडक्यात वाचला. मार्गदर्शक सर म्हणाले, "माल हलका होता."

माल हलका? कोन मोजला होता का कोणी?

वरून पाहिलं तर शाफ्ट ६ अंश तिरका, मागून पाहिलं तर ८ अंश. पोरांनी दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले आणि "दहाच्या आत आहे" म्हणून खूश झाली. अहो, जॉइंटला वरून-मागून काय कळतंय? त्याला दोन्ही एकदमच सोसावे लागतात. लहान कोनांना पायथागोरस बराचसा लागू पडतो: छत्तीस अधिक चौसष्ट, शंभर, वर्गमूळ दहा. आणि हे गाडी उभी असताना. शाफ्टच्या दोन टोकांत आडवं अंतर ३०० मिलिमीटर आणि उंचीत फरक ५० असेल, तर नुसता उभा कोनच साडेनऊ अंश. चाक आणखी ७५ खाली लोंबलं की तो साडेबावीसच्या वर जातो. आतल्या बाजूच्या सरकणाऱ्या जॉइंटची मर्यादा बहुधा वीस-पंचवीसच्या आसपास असते. शिवाय चाक वर-खाली होताना शाफ्टची लागणारी लांबीही बदलते, तो हिशेब वेगळाच. मोटारीच्या पुढच्या चाकाचा बाहेरचा जॉइंट पंचेचाळीसपर्यंत वळतो हे खरं. पण ते वळणापुरतं, दिवसभर नव्हे.

आमच्या भागात हे शेतकऱ्याला न शिकता ठाऊक आहे. रोटाव्हेटर चालू ठेवून धुऱ्याजवळ वर उचलला की पीटीओचा शाफ्ट खडखडतो. का? क्रॉसवाल्या जॉइंटची एक खोड आहे. अलीकडची बाजू मिनिटाला ५४० फेऱ्यांनी एकसारखी फिरत असली, तरी ३० अंशांच्या कोनात पलीकडची बाजू प्रत्येक फेरीत दोनदा ४६८ पर्यंत मंदावते आणि दोनदा ६२४ पर्यंत धावते. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असतील तर शेवटी हिशेब मिटतो, पण मधल्या शाफ्टला हिसके बसतातच. मोटारीतल्या गोळीवाल्या जॉइंटला ही खोड नाही. कोन वाढला की तोही तापतो नि झिजतो.

इंजिन मध्ये बसवणं चुकीचं, असं मी म्हणत नाही. १९८४ पासून २०१९ पर्यंत निघालेल्या मारुतीच्या व्हॅनमध्ये आपण सगळे बसलोय. पुढच्या सीटखाली इंजिन, बूड भाजायचं! १९७२ ची फियाट एक्स-वन-नाइन, १९८४ ची टोयोटा एमआर-टू, यांत पुढून ओढणाऱ्या गाडीचा इंजिन-गिअरबॉक्स पाठीमागे नेला. आपल्याकडे २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रियांनी अवंती दाखवली, तिचंही इंजिन सीटमागे. पण अशा मांडणीत पहिला प्रश्न हाच असतो, की डिफरन्शिअल मागच्या हबांच्या रेषेला किती जवळ येतो.

आणि ते 'जुगाड, जुगाड' म्हणून टाळ्या पिटणं. २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून चारचाकी केली. आनंद महिंद्रांनी ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली. माणसाच्या हाताला माझा नमस्कार. पण त्या कौतुकातच महिंद्रांनी ही गाडी नियमांत बसत नाही असंही लिहिलं होतं. ते वाक्य आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी पुढे पाठवलं नाही.

असो. नातवाला सांगितलंय: पुढच्या वेळी आधी मागचे दोन हब खऱ्या उंचीवर मांडा, मध्ये दोरी ताणा, गिअरबॉक्सचं तोंड त्या दोरीवर आणा. पाइप त्यानंतर कापायचे. सरांना हे जुनाट वाटलं म्हणे. दोरी मी संग्रामपूरहून पाठवून दिली आहे.