दोन डगरींवर हात

एकाच संगणकावर विंडोजशेजारी लिनक्स नांदवू पाहणाऱ्या नवशिक्यास 'दोन डगरींवर हात ठेवणारा' म्हणून हिणवण्याची रीत मुक्त प्रणालीच्या कट्टर पुरस्कर्त्यांत आहे. आम्हांस ती मान्य नाही. मराठीच्या कित्येक अध्यापकांचे लेखन श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व टंकांत आणि पेजमेकरच्या पानांत अडकून पडले आहे. ही दोन्ही साधने विंडोजवर चालणारी. ते लेखन युनिकोडमध्ये आणेपर्यंत जुने घर मोडायचे कसे?

जिथे बोलायला हवे तिथे ही मंडळी गप्प असतात. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू राहिले, तर ती प्रणाली पुरती बंद होतच नाही आणि तिच्या विभागात लिनक्सला सुरक्षितपणे लिहिता येत नाही. बिटलॉकरची रिकव्हरी की आधी उतरवून न घेतल्यास अख्खा प्रबंध कुलपाआड जाऊ शकतो. (प्रबंधाची प्रत बाहेर काढलेली असावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना एरवीही सांगतोच.) शिवाय घड्याळ. लिनक्स यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर लावते, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते; परिणामी भारतात विंडोज साडेपाच तास मागे पडते. आमच्या एका सहकाऱ्याने तेवढ्यावरून लिनक्स काढून टाकले. एका ओळीच्या आज्ञेने काम भागले असते. ती त्यांना कोणी सांगितली नाही; डगरींचा टोमणा मात्र पुष्कळांनी ऐकवला.