पाय गरम, खिसा नरम?

डोकं थंड, पोट नरम आणि पाय गरम! तब्येतीचा हा आजीछाप फंडा आपल्या सगळ्यांनाच पाठ आहे. डोकं आणि पोट ज्याचं त्याने सांभाळायचं. पायांचं काम मात्र इंग्लंडमध्ये चक्क फरशीवर सोपवता येतं. डिसेंबरची सकाळ, सात वाजले तरी बाहेर काळोख, खिडकीच्या काचेवर बर्फाची साय. अशा वेळी बाथरूमच्या टाइल्सवर अनवाणी पाय टेकावा आणि खालून मस्त ऊब यावी... सॉल्लिड! या ऐषोआरामाचं नाव इलेक्ट्रिक अंडरफ्लोअर हीटिंग.

ऑनसाइटला निघालेल्या किंवा तिकडे जाऊन स्थिरावलेल्या मंडळींना भाड्याचा फ्लॅट शोधताना जाहिरातीत हे शब्द हमखास भेटतात. वाचायला एकदम फाइव्ह स्टार वाटतं. पण दोस्तहो, ही सोय एकदा मिळाली की संपली, असं नसतं. तिचा मीटर रोज पळतो. म्हणून आज जरा वहीपेन घेऊन बसू या.

आधी ही भानगड काय ते बघू. टाइल्सच्या खाली जाळीवर नागमोडी बसवलेली बारीक केबल असते. वीज सुरू केली की ती तापते, तिच्यामुळे टाइल तापते आणि टाइलमुळे खोली. खोलीबाहेर किंवा भिंतीवर एक थर्मोस्टॅट आणि फरशीत एक सेन्सर. बस्स, एवढंच! कल्पना मात्र अजिबात नवी नाही. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी फरशीखालच्या पोकळीतून गरम हवा खेळवायचे. इंग्लंडमधल्या बाथ गावी त्यांच्या स्नानगृहांत त्या फरशीखालचे विटांचे खांब आजही बघायला मिळतात. कोरियात हीच गोष्ट ‘ओन्डोल’ म्हणून घराघरांत होती. आणि लांब कशाला जायचं? आपल्या काश्मीरमध्ये जुन्या घरांत ‘हमाम’ असतो. दगडी फरशीखाली लाकडं पेटवायची आणि सगळं कुटुंब हिवाळाभर त्या खोलीत मुक्कामाला! इलेक्ट्रिक केबल म्हणजे याच आयडियाची लाकडं आणि धूर वगळलेली आवृत्ती.

आता फायदे, कारण ते खरंच आहेत. एक, भिंतीवर रेडिएटर नाही, म्हणजे सोफा आणि कपाट हवं तिथे लावा. लंडनच्या काडेपेटीएवढ्या फ्लॅटमध्ये ही चैन छोटी नाही. दोन, रेडिएटर हात लावला तर चटका बसेल इतका तापू शकतो. फरशी मात्र साधारण २९ अंशांच्या वर नेत नाहीत, बाथरूममध्ये थोडी जास्त. त्यामुळे रांगणारं बाळ असेल तर टेन्शन कमी. तीन, आवाज नाही, आणि गॅस बॉयलरसारखी दरवर्षी सर्व्हिसिंग नाही. चार, ऊब खालून येते. पाय गरम असले की खोलीची हवा एखाद्या अंशाने थंड असली तरी फारसं जाणवत नाही.

इथपर्यंत सगळं झकास. पण सेल्समन एक वाक्य टाकतो, “मॅडम, हे शंभर टक्के एफिशियंट आहे!” तो खोटं बोलत नाही, पण गंमत अशी की, कोपऱ्यावरच्या दुकानातला वीस पौंडांचा फॅन हीटरही तितकाच एफिशियंट असतो. विजेवर तापणारी कुठलीही तार एक युनिट वीज खाते आणि एक युनिट उष्णता देते. फरशीत बसवली म्हणून तारेला जादू येत नाही. खरा प्रश्न असतो त्या युनिटचा भाव काय, आणि ते किती वेळ जळणार.

तर भाव बघू. ब्रिटनमध्ये ऑफजेम ही सरकारी नियामक संस्था दर तीन महिन्यांनी वीज आणि गॅसच्या युनिटची कमाल किंमत ठरवते. २०२५च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ती सरासरी किंमत होती विजेला २६.३५ पेन्स आणि गॅसला ६.२९ पेन्स. (लक्षात घ्या, मर्यादा युनिटच्या दराला असते, तुमच्या बिलाला नाही! जास्त वापराल तर जास्त भराल.) गॅस बॉयलरमध्ये दहा टक्के उष्णता वाया जाते असं धरलं, तरी गॅसची एक युनिट ऊब सात पेन्सला पडते. म्हणजे तीच ऊब विजेवर पावणेचार पट महाग! सगळं गणित इथे आहे.

युनिट म्हणजे आपल्याकडचंच युनिट बरं का. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. अंडरफ्लोअरची केबल साधारण दर चौरस मीटरला १५० वॅट खेचते. बाथरूममध्ये टब आणि बेसिनखालची जागा सोडून तीन चौरस मीटर फरशी गरम करायची म्हटलं तर झाले ४५० वॅट. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास पूर्ण वेळ चाललं तरी रोजचे ३६ पेन्स, महिन्याचे ११ पौंड. तिकडच्या पगारात हे सहज खपून जातं. दोन पिझ्झे कमी खा!

आता हॉल घ्या. गरम करायची जागा १६ चौरस मीटर, म्हणजे २४०० वॅट. दिवसाला दहा तास चालू ठेवलं आणि थर्मोस्टॅटने त्यातला निम्मा वेळ वीज बंद केली, असं धरू. तरी झाली बारा युनिटं, रोजचे सव्वातीन पौंड, महिन्याचे ९५. हीच ऊब गॅसवर २५ पौंडांत येते. आणि सगळा टू बेडरूम फ्लॅट, समजा ४० चौरस मीटर, याच हिशेबाने तापवला तर? महिन्याला २३७ पौंड! पौंड ढोबळ १२० रुपयांचा धरला तर २८ हजार रुपये. पुण्यात तुमच्या होम लोनचा हप्ता आठवला ना?

हे सगळं मला सुचायचं कारण माझी एक मैत्रीण. मास कॉमला आम्ही एका बाकावर होतो. आता ती आणि नवरा रेडिंगला असतात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि घरभर हेच विजेचं हीटिंग. पहिल्या हिवाळ्यात दोघं दिवसभर बाहेर. संध्याकाळी पाच तास हॉल, सकाळी बाथरूम, बाकी सगळं बंद. हिशेब साठ पौंडांच्या आत. दोघं जाम खूश!

दुसऱ्या हिवाळ्यात सातारहून तिचे आई-बाबा आले. आता घरात दिवसभर माणसं, म्हणजे दिवसभर हीटिंग. बाबांनी एकदा बिल बघितलं, मनात रुपये केले आणि आईला सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून लेक-जावई कामाला गेले की काकू सगळे थर्मोस्टॅट बंद करायच्या आणि स्वेटर, शाल, कानटोपी घालून दोघं सोफ्यावर. एकदा मैत्रीण लवकर घरी आली तर हॉलमध्ये १४ अंश. ती भडकली, तर काकूंचं उत्तर तयार, “अगं, आम्हाला थंडीची सवय आहे. तुमचे पैसे कशाला जाळायचे?”

फोनवर मला हे सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता. आई-बाबांना हौसेने बोलावलं आणि ते थंडीत कुडकुडत बसले, ही बोच वेगळीच असते. आणि प्रश्न नुसत्या भावनेचा नाही. तिकडची सरकारी आरोग्य यंत्रणा घरात निदान १८ अंश ठेवायला सांगते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी. त्याखाली गेलं की ब्लड प्रेशर, हृदय आणि छातीचे विकार यांना आमंत्रण. शिवाय थंड घरात कपडे वाळवले की भिंतींना बुरशी धरते ती वेगळीच.

मग आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर घराची एक-एक खोली बघितली. पहिला शोध हॉलमध्येच लागला. काकूंनी बसायला सोयीचं म्हणून फरशीवर सतरंजी आणि वर गादी अंथरली होती. म्हणजे केबल खाली तापतेय आणि ऊब गादीखाली अडकून पडलीय! गरम फरशीवर जाड काही अंथरलं की खोली तापायला जास्त वेळ लागतो आणि केबलही अडचणीत येऊ शकते. टाइल आणि दगड यासाठी सगळ्यात बेस्ट. लाकडी फ्लोअरिंग चालतं, पण ते २७ अंशांच्या आत ठेवावं लागतं. जाडजूड गालिचा असेल तर विसरा. काकूंना बसायला खुर्ची आली, गादी बेडरूममध्ये गेली.

दुसरं, प्रत्येक खोलीला वेगळा थर्मोस्टॅट होता, पण सगळे एकाच टायमिंगवर. ते सुटे केले. हॉल दिवसा दहा तास, १९ अंशांवर. बाथरूम तीन तास. आई-बाबांची खोली झोपण्याआधी दोन तास. यांची स्वतःची खोली बंद, जाड रजई झिंदाबाद! फक्त ओल धरू नये म्हणून तिथे रोज थोडा वेळ खिडकी उघडायची. नवा हिशेब १३० पौंडांच्या आसपास आला. २३७ कुठे आणि १३० कुठे!

तिसरी आयडिया नवऱ्याची, आणि मला तीच सगळ्यात आवडली. स्मार्ट मीटरबरोबर एक छोटा डिस्प्ले मिळतो, त्यावर आज आतापर्यंत किती पैसे गेले ते दिसतं. तो त्याने सासऱ्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, “बाबा, दिवसाला साडेचार पौंड हे आपलं बजेट. त्याच्या आत बंद करायचं नाही!” बाबा आयुष्यभर हिशेबनीस होते. ते आता रोज संध्याकाळी आकडा वहीत टिपतात. काकूंची कानटोपी उतरली.

आता तुम्ही फ्लॅट बघायला जाल तेव्हा काय विचाराल? पहिला प्रश्न, अंडरफ्लोअर आहे ते विजेचं की पाण्याचं? दोन्हींचं नाव एकच, खर्चात मात्र जमीन-अस्मान. पाण्याच्या पाइपांचं असेल आणि ते हीट पंपावर चालत असेल, तर एक युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते, कारण पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. म्हणजे युनिटला नऊ पेन्सच्या आत. दुसरा प्रश्न, घराचं ऊर्जा प्रमाणपत्र बघू का? त्यावर ए ते जी अशी श्रेणी असते, आणि इंग्लंड-वेल्समध्ये भाड्याच्या घराला एरवी निदान ‘ई’ लागते. श्रेणी जितकी वर तितकी ऊब घरात टिकते. तिसरा, खोल्यांचे थर्मोस्टॅट वेगळे आहेत का? आणि चौथा प्रश्न स्वतःला, दिवसभर घरात कोण असणार?

स्वतःचं घर घेतलं असेल आणि बाथरूम नव्याने करत असाल, तर बिनधास्त बसवा. टाइल्स निघालेल्याच असतात, तेव्हाच हे काम उरकतं. केबलखाली इन्सुलेशनचा बोर्ड मात्र विसरू नका. तो नसेल तर निम्मी ऊब खालचं काँक्रीट गिळतं, आणि अर्ध्या तासात तापणारी फरशी तासन् तास घेते. इलेक्ट्रिशियन अधिकृतच हवा, कारण इथे पाणी आणि वीज शेजारी नांदतात. टाइल्स लावण्याआधी केबल तपासून घ्या. नंतर बिघडली तर फरशी फोडावी लागते!

पण घरभर फक्त विजेची फरशी? घर चांगलं इन्सुलेट केलेलं नसेल, तर दोनदा विचार करा. विजेचे भाव कुठे जातील याची खात्री नसते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस भडकला आणि त्या ऑक्टोबरमध्ये सरकारने मदत करूनही ब्रिटनमध्ये विजेचं युनिट ३४ पेन्सला गेलं. तेव्हा ज्यांचं सगळं घर विजेवर होतं, त्यांना पर्यायच नव्हता.

आणि हो, पुणे-नाशिकच्या मंडळींनी हे वाचून लगेच टाइल्स फोडायला घेऊ नका. आपली थंडी चार दिवसांची पाहुणी. तिच्यासाठी लोकरीचे मोजे पुरतात, आणि त्यांना युनिट लागत नाही!