थंड कॉफी घरची, पण बर्फ कुठला?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. बारावीची परीक्षा संपवून 'नीट'च्या तयारीला लागलेली एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. आठ दिवसांपासून अन्नावर वासना नाही, मळमळ, अंगात कसकस आणि लघवी गडद पिवळी. डोळे पाहिले तर पांढरा भाग हळद लावल्यासारखा. रक्त तपासले, 'ए' प्रकारची कावीळ निघाली. परीक्षा तोंडावर आलेली. "बाहेरचे काय खाल्ले?" असे विचारताच आई जवळजवळ रागावलीच. "बाहेरचं काहीच खाईना डॉक्टरसाहेब ती. कोल्ड कॉफी प्यायची तर ती बी घरीच करून प्यायली. दूध घरचं, साखर घरची."

"आणि बर्फ?" मी विचारले.

मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या. दुपारी वीज नसायची, फ्रीजमध्ये बर्फ गोठायचा नाही, म्हणून धाकटा भाऊ सायकलवरून बर्फ आणायचा. गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा टोच्याने फोडलेला तुकडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

त्याच बर्फाने कावीळ झाली असे मी शपथेवर सांगणार नाही. या काविळीचे विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात. इतक्या दिवसांपूर्वी आपण काय प्यालो हे कोणाला आठवते? सगळा दोष कालच्या वड्याला नाहीतर परवाच्या लग्नातल्या जेवणाला जातो आणि बर्फ नामानिराळा राहतो.

आता काही वाचक म्हणतील, कोल्ड कॉफी हे काय आपल्या उमरग्याचे पेय आहे का? एके काळी नव्हते. आमच्या लहानपणी चहा रोजचा आणि कॉफी मानाची. पाहुणा खास असला किंवा कोणाचा उपवास असला की दुधात कॉफी उकळून वर जायफळ किसायचे. पण कर्नाटकची हद्द आपल्या उशाला, सोलापूर-हैदराबाद हमरस्ता दारातून जातो आणि पुण्याला शिकायला गेलेली मुले सुटीत येताना नव्या चवी घेऊन येतात. आता कोल्ड कॉफी घराघरांत होते. ती होऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. रंग आणि साखरपाण्याच्या बाटलीपेक्षा घरी केलेली, बेताच्या साखरेची दुधाची कॉफी केव्हाही बरी. थंड प्यायल्याने सर्दी होते हा समजही सोडून द्यावा, सर्दी विषाणूंमुळे होते. ही समजूत मात्र जुनी आहे. मुंबईत बर्फ पहिल्यांदा आला तो १८३० च्या दशकात, थेट अमेरिकेहून, जहाजात भुशात पुरून. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले, त्यानंतर यजमानांना सर्दी झाली, आणि शहरात त्याची चर्चा झाली म्हणतात. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनीही आपण थंडपणालाच नावे ठेवतो. बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारत नाही.

खरा प्रश्न तोच आहे. गोठवल्याने जंतू मरतात असा भल्या-भल्या शिकलेल्यांचाही समज असतो. ते मरत नाहीत, बहुतेक नुसते झोपी जातात. विषमज्वराचे, पटकीचे जंतू आणि काविळीचे विषाणू बर्फात टिकून राहतात आणि बर्फ पेल्यात वितळला की पुन्हा कामाला लागतात. म्हणजे जे पाणी तुम्ही पेल्यात ओतून पिणार नाही, त्याचा बर्फ मात्र आनंदाने चोखता. 'ई' प्रकारची कावीळही अशीच दूषित पाण्यातून येते, आणि गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ती झाली तर जिवावर बेतते. घरात बाळंतपण जवळ आलेली लेकसून असेल तर बाजारच्या बर्फाचे सरबत, लस्सी, उसाचा रस, काहीही तिच्या हाती देऊ नये. तिला वाईट वाटले तरी चालेल.

बर्फाच्या लाद्या मुळात दोन कामांसाठी लागतात. एक खाण्या-पिण्यासाठी, दुसरे मासळी, दूध, भाजी असा नाशवंत माल थंड ठेवण्यासाठी. दुसऱ्या बर्फाला पिण्याचे पाणी लागत नाही. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा खाद्यरंग घालावा. नियम चांगला आहे. पण गाड्यावरचा बर्फ पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचा, असे त्यावरून समजू नका. रंग घालणे कारखान्याच्या हातात आहे. शिवाय बर्फ चांगल्या पाण्याचा असला तरी पुढे तो टेम्पोत, फरशीवर, गोणपाटात आणि कोणाच्या तरी हातात असतो. नगरपालिकेने आणि अन्न प्रशासनाने उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ विकणाऱ्यांकडे एक चक्कर मारावी, पाण्याचे नमुने घ्यावेत, ही मागणी करण्यात गैर काही नाही. ती आपण करत नाही, कारण बर्फाला आपण अन्न समजतच नाही.

तोवर उपाय घरातच आहे आणि अगदी स्वस्त आहे. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट तशीच राहू द्यावी, झाकून गार करावे आणि साबणाने धुतलेल्या ट्रेमध्ये ओतून गोठवावे. ट्रे नसेल तर स्टीलच्या झाकणाच्या छोट्या डब्या चालतात. टँकरचे पाणी तुरटी फिरवल्याने नितळ होते, निर्जंतुक होत नाही. जारचे पाणी थंडगार असते म्हणून ते शुद्धच असते असेही नाही. सील आणि आयएसआयची खूण नसलेल्या जारचे पाणी मी उकळूनच वापरा म्हणेन. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. पाणी दुर्मीळ झाले की ते कुठून आले हे विचारायची सवय आधी सुटते.

वीज दिवसा जात असेल तर बर्फ रात्रीच गोठवून ठेवावा. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी गार पाण्यासाठी माठावर भरवसा ठेवावा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे माठाला पाझर चांगला सुटतो आणि पाणी गार होते. मुंबईच्या दमट हवेत माठ इतके चांगले काम करत नाही. दूध उकळून गार केलेले भांडे ओल्या वाळूत, ओल्या फडक्याने झाकून ठेवले तरी कॉफीपुरते गार होते. मात्र ते तासाभरात वापरून टाकावे.

आता कॉफी. झटपट विरघळणारी कॉफी एक लहान चमचा घ्यावी, साखर त्यातच घालावी आणि दोन-तीन चमचे गरम पाण्यात घोटून घ्यावी. थेट थंड दुधात टाकली तर गुठळ्या होतात आणि साखर तळाला बसते, मग माणूस आणखी साखर घालतो. हे घोटलेले मिश्रण गार दुधात ओतून, झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात बर्फासह दोन मिनिटे हलवले की वर छान फेस येतो. मिक्सर लागत नाही, विजेची वाट पाहावी लागत नाही. रवीनेही होते. बर्फाने कॉफी पांचट होते अशी तक्रार असेल तर थोडी काळी कॉफीच ट्रेमध्ये गोठवावी आणि तेच खडे दुधात टाकावेत. फिल्टर कॉफीची पूड असेल तर ती उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजत ठेवून सकाळी गाळावी, ही कॉफी कडू कमी लागते. पूड घेताना पाकिटावर चिकोरीचे प्रमाण वाचा. कायद्याने ते ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे निम्मे पैसे चिकोरीचेही असू शकतात. चिकोरी अपायकारक नाही, तिच्यात कॅफीनही नसते, पण आपण काय घेतो ते ठाऊक असावे.

साखरेची गोम अशी की थंड पदार्थात गोडी कमी जाणवते. गरम असताना जी साखर पुरेशी वाटते ती थंड झाल्यावर कमी वाटते. म्हणून हॉटेलातल्या एका पेल्यात चार-पाच चमचे सहज जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराची वरून घातलेली सगळी साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवावी, म्हणजे साधारण पाच-सहा लहान चमचे. घरी एका पेल्याला दोन चमचे घालावेत आणि वर जायफळाची चिमूट. आपल्या आजीला हे शास्त्र माहीत नव्हते, पण जायफळाने कॉफी भरल्यासारखी लागते हे तिला पक्के ठाऊक होते. मधुमेह्यांनी साखर घालूच नये.

कॉफी किती, याबाबत राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत कॅफीनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. एका कप इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. चहा मोजायला विसरू नका. आपल्याकडे चार-पाच चहा सहज होतात आणि कॉफी त्यावर येते. त्याच मार्गदर्शिकेत दुसरी गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्यातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात जाऊ देत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि माझ्या दवाखान्यातल्या कितीतरी जणी सकाळपासून चहावर असतात, दुपारी दोनला भाकरी खातात आणि लगेच पुन्हा कपभर घेतात. आता त्यांच्या मुली तीच रीत कोल्ड कॉफीने चालवतात, वर 'पोट भरलं' म्हणून जेवणच टाळतात. शाळेत मिळणारी लोहाची गोळी या पेल्याबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. ती पाण्याबरोबर घ्यावी. लिंबू पिळलेले असेल तर आणखी चांगले.

लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री नऊचा पेला दोन वाजताही जागा ठेवतो, आणि झोपमोड झालेल्या मेंदूत वाचलेले टिकत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना कॉफी नकोच, त्यांना नुसते गार दूध किंवा ताक द्या. आणि उन्हाचा तडाखा बसलेल्या माणसाला कॉफी पाजत बसू नये. त्याला सावलीत नेऊन अंग ओल्या फडक्याने पुसावे, शुद्धीवर असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. बोलणे असंबद्ध झाले तर लगेच दवाखाना गाठावा.

त्या मुलीला औषध असे फारसे काही दिलेच नाही. 'ए' प्रकारची कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आणि हलक्या आहाराने आपोआप बरी होते. मधल्या काळात घरच्यांनी कावीळ उतरवूनही आणली, ती मी ऐकून सोडून दिली. नीटचा पेपर तिने दिला, पण दोनदा उठून बाहेर जावे लागले. यंदा ती पुन्हा बसते आहे. परवा आई भेटली तेव्हा म्हणाली, आता बर्फ रात्रीच डब्यांत लावते. फक्त एक शंका होती, उरलेली कॉफी कुलरपुढे ठेवली तर संध्याकाळपर्यंत चालेल का? चालणार नाही. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दुधाची कॉफी तासाभरात संपवावी, नाहीतर ओतून द्यावी.