वाऱ्याचे ओझे

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या पंखाविषयी लिहावे, हे काही मित्रांना विचित्र वाटले. ‘हा विषय शास्त्र शाखेचा,’ असे एकाने सुनावलेही. परंतु वारा काही प्रवेशअर्जावरची शाखा पाहून वाहत नाही. शिवाय सुट्टीत मी मामांच्या गॅरेजमध्ये काम करतो. माझ्या पुस्तकांचा निम्मा खर्च तेथूनच निघतो. तेव्हा चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण आपली जुनी स्विफ्ट घेऊन आला. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर ती पळवायचे त्याच्या मनात होते. सोबत ॲल्युमिनियमची भलीमोठी विंग. ती मागच्या दारावर, काचेच्या खालच्या बाजूला, स्क्रूने बसवून हवी होती. “विंग लागली की गाडी रस्त्याला चिकटते,” तो म्हणाला. मी सहज विचारले, “आणि पुढच्या चाकांचे काय?” त्याने माझ्याकडे पाहिले. “तू बी. ए.ला ना?” मी गप्प बसलो. ते गप्प बसणे मला अजून सलते. हा लेख त्यातूनच आला आहे.

प्रथम त्याचे बरोबर काय, ते सांगितले पाहिजे. विमानाचा पंख उलटा केला तर तो उचलण्याऐवजी खाली दाबतो. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. गाडीचे वजन न वाढता टायरवरचे ओझे वाढते, म्हणून वळणावर पकड वाढते. अमेरिकेत जिम हॉल यांनी १९६६ साली आपल्या चॅपरल २ई गाडीवर उंच खांबांवर असा पंख उभारला, आणि दोन वर्षांत फॉर्म्युला वनच्या गाड्यांनाही पंख फुटले. पण १९६९ च्या स्पॅनिश शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख धावतानाच मोडले आणि दोन्ही गाड्या चक्काचूर झाल्या. जगातल्या नामांकित कारखान्याची ही गत. मग दाराच्या पातळ पत्र्यावर चार स्क्रू मारून आपण कशाचा भरवसा धरतो?

आता हिशेब. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद अशी विंग, तीही स्वच्छ वाऱ्यात, ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ११ किलोचे ओझे देईल. ५० च्या वेगाला तीन किलोही नाही. १५० ला पंचवीस. म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर ती विंग मिरवणाऱ्याच्या मागच्या चाकांवर जेमतेम दोन-तीन किलो साखरेचे ओझे पडते! (मला तर वाटते, साखरच ठेवावी, घरी गेल्यावर उपयोगी तरी पडेल.)

आणि त्या तरुणाच्या विंगला स्वच्छ वारा मिळणारच नव्हता. हॅचबॅक गाडीची पाठ एकदम तुटलेली असते. छतावरून आलेला वारा छताच्या कडेलाच गाडी सोडतो आणि मागच्या काचेपाशी नुसता घोळत राहतो. त्या मेलेल्या वाऱ्यात विंग बसवणे म्हणजे आटलेल्या ओढ्यात जाळे टाकणे. तिची जागा छताच्या उंचीला किंवा त्याहून वर.

पण समजा, वर बसवली. मग माझा प्रश्न उरतोच. त्या रात्री मी तो आबांना विचारला. आबा शाळेत फार गेले नाहीत. त्यांचा जन्म बैलगाडीने ऊस ओढण्यात गेला. ते लगेच म्हणाले, “मागं वजं टाकलं की गाडी उलार व्हणारच.” अगदी हेच! विंग मागच्या आसाच्याही मागे ७० सेंटिमीटर असली, तर २५ किलोच्या दाबाने पुढच्या चाकांवरचे सुमारे सात किलो ओझे उचलले जाते. आणि या छोट्या गाड्यांत ओढायचे, वळायचे आणि ब्रेकचे बहुतेक काम पुढचीच चाके करतात. ज्याच्या खांद्यावर सारा संसार, त्याच्याच ताटातली भाकरी काढून घ्यायची, असा हा प्रकार.

अर्थात शर्यतीसाठी तयार केलेल्या काही गाड्यांची मागची बाजू मुद्दाम सैल, घसरती ठेवतात. तेथे वेगवान वळणावर मागची विंग खरोखर उपयोगी पडते. पण तो जाणत्यांचा खेळ. आपण सुरुवात करायची ती पुढून आणि खालून. बंपराखाली जमिनीलगत पुढे आलेली पट्टी, म्हणजे स्प्लिटर. बंपर आणि रेडिएटर यांमधल्या फटी बुजवणे. पोटाखाली सपाट पत्रा. मागचा बंपर आतून पॅराशूटसारखा वारा धरतो, त्यालाही वाट करून द्यावी. आणि या सगळ्याच्या आधी चांगले टायर. हे सारे ट्रॅकपुरतेच, हे सांगायला नको: आपले गतिरोधक स्प्लिटरला दुसऱ्या दिवशी ठेवणार नाहीत, आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही.

वारा दिसत नाही, ही सबब मला मान्य नाही. आईच्या विणकामातली उरलेली लोकर घेऊन मी बोटभर तुकडे कापले आणि मामांच्या गाडीच्या छतावर व मागच्या काचेवर चिकटवले. मामा मोकळ्या रस्त्यावरून गाडी चालवत होते. मी बाजूच्या गाडीतून मोबाइलवर चित्रण केले. छतावरचे तुकडे शिस्तीत मागे निजलेले, काचेवरचे वेड्यासारखे गोल फिरणारे. एकूण खर्च शून्य. आमच्या प्राध्यापकांनी ते चित्रण पाहिले आणि “इतिहासाच्या साधनांपेक्षा हे साधन बोलके आहे,” असे म्हटले. ते कौतुक की टोमणा, अजून कळलेले नाही.

तो तरुण पावसाळ्यापूर्वी परत आला. ‘स्टिअरिंग वळवतो, पण नाक सरळच जाते,’ ही त्याची तक्रार. सगळा दोष विंगचा असेल असे मी म्हणणार नाही. त्याचे टायरही गुळगुळीत झाले होते. मामांनी त्याला काही न सांगता माझ्याकडे बोट दाखवले. विंग उतरवली. प्लायवूडची फळी कापून बंपराखाली बसवली. ती पुरेशी घट्ट आहे का, हे पाहायला मामांनी मलाच तिच्यावर उभे केले. डावी बाजू वाकली. तिला आणखी दोन टेकू द्यावे लागणार आहेत. ते काम सत्रपरीक्षा संपल्यावर.