उगवण विरळ का? बियाण्याबरोबर गाडलेल्या तणांचाही तपास करा

२०२० च्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. तेव्हापासून उगवण विरळ झाली की संशय आधी बियाण्यावर जातो. तो अनेकदा खरा ठरतो. मात्र एक कारण सहसा चर्चेत येत नाही, ते म्हणजे पेरणीच्या तोंडावर जमिनीत गाडलेले हिरवे तण.

मजूर मिळत नाहीत, म्हणून खुरपणीची जागा रोटाव्हेटरने घेतली. सोयाबीन निघाले की उभे तण बारीक करून लगेच हरभरा पेरला जातो. शेत स्वच्छ दिसते, पण तणांतील रसायने मातीतच राहतात.

नेमके काय घडते?

काही वनस्पती आपल्या रसायनांनी शेजारच्या रोपांची वाढ रोखतात. याला ॲलेलोपॅथी म्हणतात. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम नोंदलेले गाजर गवत हे याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या पानांत व फुलांत पार्थेनिन असते, शिवाय फेनॉलिक आम्लेही असतात. पावसाने धुऊन किंवा अवशेष कुजताना ती मातीत उतरतात. परिणामी अंकुर उशिरा फुटतो, मूळ आखूड राहते आणि कडधान्यांच्या मुळांवर गाठी कमी येतात. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या अवशेषांतूनही अशी रसायने सुटतात.

प्रयोगशाळेत तणाच्या तीव्र अर्कात जेवढा परिणाम दिसतो, तेवढा शेतात दिसेलच असे नाही. मातीतील जिवाणू ही रसायने हळूहळू मोडतात. म्हणून तण गाडणे आणि पेरणी यांत अंतर किती, हा कळीचा मुद्दा आहे.

दोष कुठे आहे, हे असे तपासा

- ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवणक्षमता पाहा. प्रमाणित बियाण्यासाठी किमान प्रमाण सोयाबीनला ७० टक्के, तर हरभऱ्याला ८५ टक्के आहे.
- एका कुंडीत तण गाडलेल्या जागेची आणि दुसरीत त्याच शेतातील तणविरहित जागेची माती भरा. दोन्हींत त्याच पिशवीतील २५-२५ दाणे पेरा व सारखेच पाणी द्या.
- ८ ते १० दिवसांनी रोपे मोजा, उपटून मुळांची लांबी पाहा.

गोणपाटात आणि दोन्ही कुंड्यांत उगवण कमी असेल, तर बियाणे सदोष असण्याची शक्यता जास्त. दोन्ही कुंड्यांत चांगली असेल, तर शेतातील ओल, पेरणीची खोली आणि जमिनीवरची पापडी तपासा. फक्त तणाच्या मातीत मुळे आखूड असतील, तर संशय गाडलेल्या अवशेषांवर घ्या. मात्र ताज्या अवशेषांवर रोपे कुजवणारी बुरशीही वाढते, त्यामुळे मुळांवर कूज आहे का तेही पाहा.

पुढील हंगामासाठी

- गाजर गवत फुलोऱ्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटा. एक झाड हजारो बिया टाकते.
- तण हिरवेच गाडले, तर पेरणीपूर्वी २ ते ३ आठवडे जाऊ द्या. ओल टिकणार नसेल, तर तण गोळा करून शेताबाहेर काढा.
- फुलोऱ्यापूर्वीच्या तणाचे कंपोस्ट करा आणि ते पूर्ण कुजल्यावरच वापरा.
- लव्हाळा, हरळीवर रोटाव्हेटर फिरवू नका. तुकड्यांपासून ती आणखी पसरतात. उन्हाळी नांगरटीनंतर गाठी व काश्या वेचा.

तक्रार करायची असल्यास पिशवी, टॅग, पावती आणि थोडे बियाणे जपून ठेवा. तण कधी गाडले आणि पेरणी कधी केली, या तारखाही लिहून ठेवा. पाहणीला येणाऱ्या कृषी सहायकांनीही त्या आवर्जून विचाराव्यात. कारण चुकले, तर बियाणे बदलूनही दुबार पेरणी तशीच वाया जाईल.